त्रेसष्ट पाट, एक बटण

२२ जून, रविवार
डोलवीच्या स्टील कारखान्यातलं कॉन्ट्रॅक्ट संपून आज दोन महिने. बरंच झालं म्हणा. शिफ्ट करकरून डोकं गंजत होतं. यूट्यूबवर अकरा दिवसांत जावास्क्रिप्ट शिकलो. ही म्हणाली, आधी नोकरी बघा. तिला दूरदृष्टी नाय.

निर्धार: पेणला दिनानाथदादाच्या गणपती कारखान्यासाठी बुकिंगचं अॅप करणार. लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात, दादा पाटाखाली लाल रंगाने नाव घालतो, आणि त्याच पाटावर त्यांचा गणपती बसतो. तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं त्यावर टिकलीत. पण गेल्या वर्षी अर्धांगवायूने दादाचा उजवा हात गेला. आता नावं कोण घालणार? मी.

६ जुलै, रविवार
अॅप तयार! मूर्ती नावाचा क्लास, म्हणजे कोडातला साचा. त्यात सेव्ह ही मेथड, ती गिऱ्हाइकाचं नाव जपून ठेवते. बटण दाबलं की हिरव्या अक्षरांत 'सेव्ह झालं'. दोनदा दाबून बघितलं, नुसतं बघायला.

भूमिका, दादाची सून, पनवेलच्या कंपनीत हेच काम करते. कोड बघून म्हणाली, काका, सेव्ह तुम्ही मूर्तीपासून सुटी करून बटणाच्या हातात दिलीत. मग ती कुठल्या मूर्तीची, हे तिला कळत नाय. कोडातला 'धिस', म्हणजे 'ही', मग मूर्ती राहत नाय, बटण होतं. बटणाला कुठलं नाव? बाइंड करा, म्हणजे मूर्तीला बांधून टाका, एका ओळीचं काम आहे.

मी म्हटलं, ज्या क्लासात जन्मली तो क्लास ती विसरेल होय? आणि तिच्यासमोर बटण न दाबता थेट मूर्तीवरूनच सेव्ह चालवून दाखवली. नाव झक्क उतरलं. ती म्हणाली, तसं चालणारच, बटणातून आलेली यादी बघा. सुनेकडून शिकायची वेळ अजून आली नाय माझ्यावर. यादीचं पान सावकाश करू.

१३ जुलै, रविवार
त्रेसष्ट नोंदी! यंदाचं बुकिंग फुल्ल. लोकांना सांगितलं, नोंदीचा नंबर लक्षात ठेवू नका, अॅप सांगेल.

खाडीकडची एक म्हातारी, धोंडुबाई, पाट घेऊन आली. नवरा फाल्गुनात वारला. नाव विचारलं तर तोंड फिरवलं. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. म्हणाली, पाटाखाली लिवलंय, त्यांनीच कोरलंय, तूच वाच. वाचलं. नाथा. टाइप केलं, बटण दाबलं. सेव्ह झालं.

२० जुलै, रविवार
आज मोठं काम उरकलं. पाटांवर जुन्या नावांची नुसती गिचमिड होती. डिजिटल कारभारात शोभत नाय. सगळ्या पाटांना रंधा मारला, एकसारखं पॉलिश, वर नंबरचे स्टिकर. एक पाट फार नडला. खिळ्याने खोल कोरलेली वेडीवाकडी अक्षरं, अर्धा तास घासत होतो. पण काढली.

दादा ओरडत होता, कमळ्या, पाटांना हात लावू नको. जीभ जड झालीय त्याची, नीट कळत नाय. मी ऐकलं नाय असं दाखवलं.

२५ ऑगस्ट, सोमवार
उद्या लोक मूर्ती न्यायला येणार. यादीचं पान आज केलं. एक ते त्रेसष्ट, आकडे सगळे बरोबर. पुढे नाव नाय. एकालाही नाय.

मोबाइलचाच काहीतरी घोळ असणार. दोनदा बंद करून चालू केला. भूमिकाला विचारायचं नाय असं ठरवलं होतं. विचारलं. तिने यादी बघितली. मग म्हणाली, बटणाचं नाव कोरं असतं ना काका, तेच त्रेसष्ट वेळा सेव्ह झालं.

२६ ऑगस्ट, मंगळवार
मूर्ती लोकांनी ओळखून नेल्या. पाट कुणाचा कुणाला गेला, देव जाणे. हैबतराव, माझेच शेजारी, म्हणाले, आजोबांचा पाट होता रे. एवढंच म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

धोंडुबाई एकेका पाटाच्या खालून तळवा फिरवत गेली. सगळे गुळगुळीत. मला म्हणाली, आरं, त्यांचं नाव कुठं हाय? मी म्हटलं, आजी, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. सर्व्हर नाहीच आहे, नोंदी मोबाइलमध्येच आहेत. ती मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षात बसली. पाट नको म्हणाली.

दादा सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. जेवला नाय.

५ सप्टेंबर, शुक्रवार
बाइंडची ओळ घातली. एक मिनिट लागलं. नाथा टाइप करून बटण दाबलं. यादीत नाव आलं: नाथा. म्हणजे माझं लॉजिक मुळात बरोबरच होतं.

कारखान्यात एकच पाट उरलाय, सतरा नंबर. म्हणजे हाच तिचा. असणारच. निर्धार: खिळ्याने नाव कोरून स्वतः नेऊन द्यायचं. दोन तास खपून कोरलं. मूळच्यापेक्षा किती सुबक!

७ सप्टेंबर, रविवार
खाडीला जाऊन आलो. धोंडुबाईने पाट उलटा करून मांडीवर घेतला. अक्षरांवरून बोट फिरवलं, मग परत एकदा फिरवलं. म्हणाली, त्यांना 'थ' येत नव्हता रं. उलटा काढायचे. मी हसायची त्यांना.

पाट माझ्याकडे दिला. चहा पिऊन जा म्हणाली. मी प्यालो नाय.

परत येताना एस.टी.त पाट मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने सहज विचारलं, कुणाचा हो पाट?

मी पेणचं तिकीट मागितलं.