स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवण्याच्या अटीवर

मी, कचेरीच्या कँटीनची निवृत्त चालक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवते. शस्त्रक्रियेत कर्करोगासकट माझे जठर काढले, डोके जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन बोलावे.

१. राहते घर पतीला. बँकेतील ठेवी मुलाला.

२. कँटीनची मोठी पातेली, झारे आणि माझी सुरी सुनेला. शस्त्रक्रियेनंतर तिने माझ्यासाठी भात, अंडे, गाजर, सगळ्याचा मिक्सरमधून एकच राखाडी लगदा केला. बघूनच मळमळते. पण थोडे थोडे करून दिवसभर न कंटाळता तिनेच भरवले, हे मान्य करते. सुरीला धार लावत जावी.

३. प्रथिनांच्या पावडरीचे उरलेले सर्व डबे नणंदेला. त्या व्हॅनिलाच्या वासाची मला किळस आली आहे, पण डबे देण्याचे कारण वेगळे. "पोटाला जरा आराम दे गं वहिनी, साखरेनं गाठ फोफावते," असे म्हणत ती कोणाला न सांगता माझ्या पेल्यात नावापुरती पावडर आणि बाकी पाणी घालत राहिली. माझे वजन उतरले. डॉक्टर म्हणाले, वजन चढल्याशिवाय केमो नाही. मायेपोटी केले म्हणते. असली माया तिने स्वतः ढवळून प्यावी.

४. जेवणाचे टेबल पतीला, पण अटीवर. मी इस्पितळातून आल्यापासून या घरात कांदा परतलेला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून सगळे स्वयंपाकघराचे दार लावून चोरासारखे जेवतात. लोकांची तोंडे चालताना बघण्यात माझे आयुष्य गेले, आणि ही माझ्या घरची तऱ्हा! परवा न्हाणीघरात बेसिनवर टोस्टचा चुरा सापडला. मला शिसारी आली. विचारले तर हे म्हणाले, "तुझ्यासमोर घास उतरत नाही गं." म्हणजे संडासाशेजारी उतरतो!

त्याच क्षणी मी पेला बाजूला सारला आणि हा कागद पुढे ओढला. इस्पितळातून बघायला आलेल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "मावशी, तोंडानं गेलं नाही तर नळी घालावी लागेल." मी म्हटले, नळीही नको आणि पेलाही नको.

५. तर अट अशी, की दार लावून जेवणाऱ्याचा हिस्सा रद्द. वकील म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. घरात टिकते का ते बघावे म्हणून आज दार उघडायला लावले. हे समोर बसले, रडवेल्या तोंडाने टोस्ट चावू लागले. मचमच आवाज करत, नेहमीसारखे. लग्नापासून मला या आवाजाचा तिटकारा आहे. थोड्या वेळाने म्हणाले, "तूही घे ना." मी पावडर स्वतः मोजली आणि घोट घोट करून पेला संपवला. चव घाणच होती.

६. हे मृत्युपत्र अमलात आणायची कोणी घाई करू नये. संध्याकाळी कांदा परतायचा आहे.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: टाके काढल्यानंतरचा दुसरा सोमवार
सही: कँटीनवाली
साक्षीदार: आहारतज्ज्ञ बाई, शेजारचे चष्मेवाले

ता. क. पती लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार होऊ शकत नाहीत. सहीशेजारी त्यांच्या बोटांचे लोणी लागले आहे, त्या डागाला खाडाखोड समजू नये.