मूर्तिजापूरला टाइपरायटरांचं दान

अमरावती, ३ जून १९६६
आमच्या ऑफिसचं काम मराठीत सुरू झालं. जुने इंग्रजी टाइपरायटर भंगारात निघाले होते. मी अडवले. हेडक्लार्क असलो तरी मला हृदय आहे. मूर्तिजापूरच्या गरीब तरुणांना देणार. भाषण तयार.
बायकोनं, पार्वताबाईनं, विचारलं, "भंगारवाला नाही म्हणला काय?" हिला सोशल वर्क कळत नाही.

१२ जून, मूर्तिजापूर
उद्घाटन झकास. हार मलाच. खोली रेल्वेतल्या धर्मपालनं दिली, विहाराशेजारी. पहिली विद्यार्थिनी पंचफुला. मॅट्रिक पास, घरी मजुरी. अकोल्यात सरकारी टायपिस्टची जागा निघाली आहे, त्या टेस्टला बसणार. म्हणाली, "काका, टेस्ट तं मराठीत हाय. मशिनी इंग्रजी काहून आणल्या?"
म्हटलं, बोटं तीच असतात ना! टाळ्या पडल्या. सुरुवात मी केली.

२६ जून
धर्मपालचं पोस्टकार्ड. एका मशीनला ए हे अक्षरच नाही. दुसरीचे खटके गंजले. तिसरीचा रोलर त्याच्या पायावर पडला. कृतज्ञता नावाची चीज नाही.
संकल्प: दर रविवारी स्वतः जाऊन शिकवणार. टायपिंग मला येत नाही, पण मार्गदर्शन येतं.

१० जुलै, रविवार
गेलो नाही. झोप लागली. कार्ड टाकलं: जोरानं मारा, यश येईल.

१४ ऑगस्ट, अकोला
टेस्ट. मी पेढे घेऊन बाहेर उभा. पंचफुला लाल डोळ्यांनी आली. समोर नवी कोरी मराठी मशीन. अर्धा वेळ अक्षरं हुडकण्यात गेला. त्यात जोरानं मारायची सवय, कागदच फाटला.
म्हणाली, "मी मशीनवर बसून राहिली होती, काका. माह्या वाट्याचं वावरातलं निंदण मायनं केलं."
पेढा पुढे करावा की नाही, सुचेना. गाडीत सगळे पेढे मीच खाल्ले. खराब झाले असते.

२ ऑक्टोबर, मूर्तिजापूर
वर्ग स्वावलंबी झाला! पोरांनी मिळून मराठी मशीन भाड्यानं आणली. माझं बी रुजलं म्हणायचं. माझ्या मशिनी बाहेर ओट्यावर, दोरीनं बांधलेल्या. धर्मपाल म्हणाला, "बरं झालं आले. घेऊन जा, जागा अडून राहिली."
पंचफुला टाइप करत होती. तिला धीर दिला, पुढच्या टेस्टला मी नक्की येतो.
तिनं मान वर केली नाही. "नका येऊ, काका. या खेपी पास व्हाचं हाय."