चिकट मेण आणि चार मुली

वडिलांच्या जागी असलेल्या रेनोदादास धाकट्या व्हर्नाचा आदराचा नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर तो ॲरिझोनाच्या धुळीचा आहे. मिनेसोटा सोडू नका असं मी तेव्हाच म्हटलं होतं, पण ते असो.) इकडे सर्व खुशाल. आधी महत्त्वाचं सांगून टाकते: तुझी नात सायमा आणि तिच्या संघातल्या तिघी राज्य स्पर्धेहून हातीपायी धड परत आल्या, स्की एकही मोडली नाही आणि मीही जिवंत आहे. एवढं वाचून तू पत्र खाली ठेवलंस तरी चालेल. पण ठेवणार नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते.

तू म्हणशील, गाणं शिकवणाऱ्या बाईचं स्कीच्या स्पर्धेत काय काम? मीही तेच म्हटलं होतं. झालं असं, की आपला कोच अर्वो निस्कानेन सासूबाईंच्या छपरावरचा बर्फ ओढायला शिडीवर चढला आणि बर्फाच्या आधी स्वतःच खाली आला. पाय प्लास्टरमध्ये. आता शाळेचा कोणी शिक्षक बरोबर असल्याशिवाय संघाला शर्यतीत उतरू देत नाहीत. मुख्याध्यापिका डालग्रेनबाईंनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली, तेव्हा सगळ्यांच्याच बुटांच्या नाड्या एकदम सुटल्या. मी एकटी वेड्यासारखी ताठ बसले होते. "व्हर्ना, मुलींना एका तालात ठेवणं तुला जमतंच," असं म्हणून बाईंनी मला स्वतःचा लोकरी कोट घालायला दिला आणि विषय मिटवला. (मी स्कीवर शेवटची उभी राहिले तेव्हा आई हयात होती, आणि पुन्हा उभी राहू नकोस असं तिनेच सांगितलं होतं.)

अर्वोला इस्पितळात भेटून सगळं समजून घेतलं. मुलींकडे स्कीचे दोन-दोन जोड असतात. एक बर्फात पाडलेल्या सरळ चरांतून चालत जायचा, त्याला चढावर पकड यावी म्हणून पावलाखाली चिकट मेण लागतं. दुसरा पाय फाकवून घसरत जायचा, त्याला चिकट मेणाचं बोटसुद्धा लावायचं नसतं. हे शेवटचं वाक्य अर्वोने मला सांगितलं होतं म्हणे. पण त्याने दुखण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि मधेच तो सासूबाईंबद्दल बोलायला लागला, त्यामुळे मेणाचा शेवट आणि सासूबाईंची सुरुवात यांत माझी गल्लत झाली. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की हवा उबदार झाली तर लाल चिकट मेण.

आणि स्पर्धेच्या सकाळी थंडी एकदम मोडली. झाडं ठिबकायला लागली, बर्फाची पेज झाली. मुली न्याहारीला गेल्या होत्या. मला वाटलं, बिचाऱ्या येईपर्यंत आपण काम उरकून ठेवावं, खूश होतील. मी तंबूत बसून सगळ्याच्या सगळ्या स्कींना, टोकापासून शेपटीपर्यंत, पावाला लोणी लावावं तसं सढळ हाताने लाल मेण लावलं. दादा, ते मेण म्हणजे मधात डिंक कालवलेला! पहिल्यांदा हातमोजा चिकटला. तो सोडवायला गेले तर डालग्रेनबाईंच्या कोटाची बाही चिकटली. बाही सोडवताना एक स्की दुसरीवर पडली, आणि त्या दोघींनी जन्माची गाठ असल्यासारखी जी मिठी मारली ती सुटेना. मुली परत आल्या तेव्हा मी तिसरी स्की बाकापासून उपटत होते.

संघाची कप्तान ब्रिटा कधी आवाज चढवत नाही. ती हळूच म्हणाली, "बाई, आज रिले आहे. रिले घसरायच्या स्कीवर असते."

"मग?"

"मग या घसरणार नाहीत, बाई. या आता फक्त भिंतीवर चढतील."

बाकीच्या दोघी हसल्या. सायमा हसली नाही. ती पांढरीफटक पडून त्या स्कींकडे बघत राहिली. गेल्या वर्षीचं तुला माहीत आहेच. उतारावर पडली ती तिथेच बर्फात बसून राहिली आणि संघ बाद झाला. गावात तिला कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि पोरीला तेच जास्त लागलं. यंदा शेवटची फेरी तिने स्वतः मागून घेतली होती. आणि मी, तिच्या बापाची सख्खी आत्या, तिच्या पायाखाली डिंक फासून बसले होते!

तेवढ्यात शेजारच्या तंबूतून कोण यावं? ऑर्विल ट्वेट! हो, तोच, ज्याने शाळेत असताना तुला शर्यतीत झाडावर ढकललं. (तो अजून म्हणतो, झाडच आडवं आलं.) आता तो पलीकडच्या गावच्या शाळेचा कोच आहे. दाढी कमरेपर्यंत आली आहे, जीभ तेवढीच राहिली आहे.

"काय गं व्हर्ना," तो म्हणाला, "स्की चोरीला जाऊ नयेत म्हणून चिकटवून ठेवायची ही तुम्हा फिनलंडवाल्यांची विद्या का?"

"तुम्हा नॉर्वेवाल्यांची अक्कल नंतर पाजळ, ऑर्विल. आधी खरवडायचं पातं आण."

आणलं, दादा. पातं आणलं, मेण उतरवायचं औषध आणलं, चिंध्या आणल्या आणि स्वतःच्या संघातल्या मुलीही आणल्या. ज्यांच्याशी थोड्या वेळात शर्यत लावायची त्याच मुली गुडघ्यांवर बसून आमच्या स्की पुसत होत्या. ऑर्विल पूर्ण वेळ टोमणे मारत होता आणि पूर्ण वेळ हात चालवत होता. मी त्याला आपल्याकडचा वेलदोड्याचा पुल्ला पाव दिला. "माझी आई याहून चांगला करायची," असं म्हणून त्याने दुसरा तुकडा उचलला.

शिट्टी व्हायला आली तेव्हा शेवटची स्की पुसून झाली. मी गायीच्या गळ्यातली घंटा घेऊन शेवटच्या उतारापाशी जाऊन उभी राहिले, घोट्यापर्यंत पाण्यात. पहिल्या तिघींनी उत्तम काम केलं. मग टेकडीवर सायमाची टोपी दिसली आणि तिच्या थोडी पुढे ऑर्विलची मुलगी. उतार, वळण, आणि वळणावर सायमा पडली. पडली ती बसूनच राहिली.

माझ्या हातातली घंटा थांबली. काय ओरडावं? गुडघा कुठे, काठी कुठे, मला यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून सुटलेल्या सुरासाठी वर्गात जे म्हणते तेच म्हटलं, "सायमा, जिथे सुटलंय तिथून धर!" पोरीने माझ्याकडे पाहिलं. आणि दादा, ती चक्क हसली. भर शर्यतीत, बर्फात बसून, फिस्सकन! मग उठली आणि गेली. शेवटच्या सपाटीवर तिने ऑर्विलच्या मुलीलाही मागे टाकलं.

सातव्या आलो. पदक नाही, काही नाही. पण चारही जणी रेघेपलीकडे होत्या. "मेण आम्ही खरवडलं आणि मारही आम्हीच खाल्ला!" म्हणून ऑर्विल बोंबलत आला, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मी त्याला मिठीच मारली. कोटाची बाही त्याच्या दाढीला चिकटली. सुटली, पण थोडी दाढी बाहीवर राहिली. मग मी बसमागे जाऊन पोटभर रडून घेतलं. सायमा तोवर सुपाची तिसरी वाटी घेत होती.

इथल्या सर्वांचा तुम्हा दोघांना नमस्कार. औषधं वेळेवर घे, उन्हात टोपीशिवाय हिंडू नकोस.

तुझी,
व्हर्ना

ता. क. डालग्रेनबाई कोटाबद्दल काही बोलल्या नाहीत. दाढीबद्दल मात्र विचारलं.

आणखी एक ता. क. त्या दिवशी सायमाने फोन उचलला नाही, म्हणून तू सूनबाईकडे तक्रार केलीस असं कळलं. फोन माझ्या पिशवीत होता. तिनेच सकाळी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आजी, आजच्या दिवस हा तुझ्याकडे ठेव." सुपाच्या रांगेत तिने कारण सांगितलं. गेल्या वर्षी ती पडली तेव्हा तिला लागलं नव्हतं. तू फोनवर दिलेल्या सगळ्या सूचना एकदम कानात आल्या, आणि त्यातली आधी कोणती पाळायची हे कळेना, म्हणून ती बसून राहिली. रागावू नकोस. आजोबांना वाईट वाटेल म्हणून तिने वर्षभर कोणाला सांगितलं नाही.

शेवटचा ता. क., आणि पत्र लिहायला बसले ते खरं यासाठीच. पुढच्या महिन्यात तिची आणखी एक शर्यत आहे. आदल्या दिवशी तुझ्या सगळ्या सूचना मला फोनवर सांग, वाटेल तेवढा वेळ सांग. मला त्यातलं काही कळणार नाही, त्यामुळे कोणाचं नुकसान व्हायचं नाही. तिला फोन केलास तर फक्त विचार, "जेवलीस का?"