नेडीनचे खेचर

३० ऑगस्ट, शनिवार
अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाचा पहिला सामना. आमचे ओकाली विद्यापीठ ५२, पाहुणे ३. नेहमीप्रमाणे टीव्हीचा आवाज बंद ठेवून समालोचन रेडिओवरचे ऐकले. उकडलेल्या शेंगा दोघांच्या प्रमाणात झाल्या. पैकी निम्म्या उरल्या.
निश्चय: पत्नी नेडीनच्या थडग्यावरचा दगड सोमवारी बनवायला सांगणे. तिला जाऊन साडेचार महिने झाले. तिची इच्छा मोजकी होती: नाव, तारखा आणि खाली खेचराचे मुंडके. ती फोर्ट डेल कृषी महाविद्यालयाची पदवीधर, आणि खेचर हे त्यांच्या संघाचे, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचे, चिन्ह. इस्पितळात तिचा हात हातात घेऊन मी होकार दिला आहे.

१ सप्टेंबर, सोमवार
कामगार दिनाची सुट्टी. दगडवाल्याचे दुकान बंद. यात माझा दोष नाही.

८ सप्टेंबर, सोमवार
दगडवाले मिस्टर क्रेनशॉ यांना भेटलो. जोडप्याचा एकच रुंद दगड ठरला: डावा अर्धा तिचा, उजवा माझा, माझ्या मृत्यूच्या तारखेची जागा कोरी. माझ्या अर्ध्यावर ओकालीचा पँथर. तिचा अर्धा मोसम संपल्यावर कोरावा, असे मी सुचवले. संघ जिंकत असताना काहीही बदलू नये, हा अलाबामातील प्रत्येक सुशिक्षित घरातला नियम आहे. मी स्वतः लाल स्वेटर धुतलेला नाही. अशा वेळी खेचर कोरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. क्रेनशॉ ओकालीचेच समर्थक. म्हणाले, “हे काय सांगायला हवं, मिस्टर ओडम?” समजूतदार गृहस्थ.

४ ऑक्टोबर, शनिवार
सहापैकी सहा विजय. कॉन्फरन्समधील, म्हणजे आमच्या विभागीय गटातील, एकही प्रतिस्पर्धी दोन आकडी गुण करू शकलेला नाही. दगड गुरुवारी बसवला. पँथर रुबाबदार आला आहे. डावी बाजू गुळगुळीत आणि स्वच्छ दिसते.

१२ ऑक्टोबर, रविवार
एक अनपेक्षित अडचण. स्मशानभूमीवरून जाणाऱ्या कुणीतरी दगडावर केवळ माझे नाव वाचले. दुपारी चर्चमधील मिसेस टॅलफर मॅकरोनीचे भांडे घेऊन सांत्वनाला आल्या. दार मीच उघडले. “अगं बाई, तुम्ही आहात!” असे म्हणून त्यांनी भांडे छातीशी घट्ट धरले. भांडे परत नेले नाही, हा त्यांचा चांगुलपणा.
शेजारचा ड्युई कुंपणावरून ओरडला, “काय थर्मन, वर तिकिटं मिळतात का रे सामन्याची?”

१९ ऑक्टोबर, रविवार
नेडीनची धाकटी बहीण अर्लीन दगड पाहून आली. फोनवर तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, “थर्मन, खाली ती झोपलीय आणि वर तुझं नाव. लाज नाही वाटत रे?” मी तिला गुणतालिकेतील आमची स्थिती समजावून सांगितली. ओकाली अपराजित आहे, देशात पहिल्या क्रमांकावर आहे. तिने फोन ठेवला.
शोकामुळे माणसाचा तोल जातो. तिला क्षमा केली आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार
ओकाली ३८, पाहुणे ७. दुसऱ्या सत्रात लक्ष लागले नाही.
आमचा एकतीस वर्षांचा करार होता: ओकाली-फोर्ट डेल सामन्यात ज्याचा संघ हरेल, त्याने दुसऱ्याचा झेंडा ओसरीवर आठवडाभर लावायचा. चोवीस वेळा ती हरली. चोवीस वेळा स्टुलावर चढून तिने पँथर लावला; एकदा अंगात ताप असताना. सात वेळा माझी पाळी आली. तीनदा माझी पाठ धरली होती. दोनदा शिडी सापडली नाही. एकदा सर्दी. एकदा तीच म्हणाली, “राहू दे थर्मन, वारा आहे.” त्या वर्षीच्या रोजनिशीत मी ‘जोरदार वारा’ अशी नोंद केली आहे.
दुरुस्ती: वारा नव्हता.

८ नोव्हेंबर, शनिवार
विजय. तिचा अर्धा लगेच कोरून घ्यावा, असे आज प्रकर्षाने वाटले. तथापि केवळ तीन आठवडे उरले आहेत. इतके थांबलो, तर आणखी थोडे थांबण्यात तर्कदृष्ट्या हानी नाही. हे वाक्य पुन्हा वाचले. खोडत नाही, परंतु त्याखाली सहीही करवत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
फोर्ट डेल २०, ओकाली १७.
स्वेटर धुतलेला नव्हता. खुर्ची हलवलेली नव्हती. खेचर कोरलेले नव्हते.

१ डिसेंबर, सोमवार
दुकान उघडताच क्रेनशॉ यांच्याकडे गेलो. आज कोणतीही सबब नाही, असे स्पष्ट सांगितले. ते छिन्नी ठेवून म्हणाले, “शनिवारी हरलो आणि सोमवारी मी खेचर कोरू? हात उठणार नाही हो. फेब्रुवारीत या. तुम्ही तर समजून घ्याल.” मी समजून घेतले. ते कारण किती हलके असते, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कळले. शेजारच्या परगण्यातील दगडवाला दुसऱ्याने अर्धवट ठेवलेल्या कामाला हात लावत नाही.

७ डिसेंबर, रविवार
कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याचा निकाल ड्युईने सांगितला; मी विचारला नव्हता.
चर्चनंतर पांढऱ्या खडूचे खोके घेऊन स्मशानभूमीत गेलो. दगडाच्या डाव्या अर्ध्यावर खेचराचे मुंडके काढण्यास पाऊण तास लागला. दोनदा पुसले. गुडघे ओले झाले. अर्लीन फुले घेऊन आली आणि मागे उभी राहिली.
“हा ससा कशाला काढलास?”
खेचर आहे, असे मी सांगितले. ती हसू लागली, आणि हसता हसता गवतावर बसली. डोळे पुसून म्हणाली, “बरं, कान तरी बरोबर आहेत.” मग तिने दगड पुन्हा नीट पाहिला. “थर्मन, नाव कुठंय तिचं?”
नाव लिहिले नव्हते. तारखाही नाहीत. सबंध मोसम मी केवळ खेचराचाच विचार करत होतो.
लिहिले. शेवटची दोन अक्षरे कडेपाशी दाटीवाटीने बसवावी लागली, कारण खेचराने जागा फार घेतली होती.
बुधवारी पाऊस सांगितला आहे. गुरुवारी पुन्हा जाईन. आधी नाव.