खजुराचा पाक यंदा पातळ

१६ एप्रिल, सकाळ

प्रिय ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असाल. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आपल्यासारख्या यहुदी मुलींनाही सांगायच्या, पत्रात आधी समोरच्याची विचारपूस, मग आपलं रडगाणं. तेव्हा विचारपूस झाली.

तू विचारलं होतंस, रजा मिळत नाही, पुढच्या वल्हांडणाला आले तर चालेल का. फोनवर मी नुसतं "बघू" म्हटलं, कारण आई शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणून हे पत्र, तेही कुरिअरने. उत्तर देतेच, पण आधी सणाचं सांगू दे.

घर झाडून-पुसून लख्ख केलं. पाव, टोस्ट, बिस्किटं, सणात न चालणारं खमिराचं म्हणून जे जे होतं ते बाहेर काढलं. सणाचं पातेलं माळ्यावरून उतरवलं. खजूर भिजवला, बिया काढून कुस्करला, आणि पिळायची वेळ आली तेव्हा हात कमी पडले. फडक्याचं एक टोक आई धरायची, दुसरं आपण दोघी, आणि ती म्हणायची, "पिळा गं, नवऱ्याचा कान आहे असं समजा." यंदा ते टोक मी नळाला बांधलं. नळाने काही विनोद केला नाही.

पाक पातळच ठेवला. अक्रोडही घातले नाहीत. तू म्हणशील, ताईला म्हातारपणी कंजूषपणा सुचला. तसं नाही गं. आईला हल्ली गिळायला जरा त्रास होतो. पातळ असेल तर सुखाने उतरेल, असं मला वाटलं.

सणाच्या ताटात तिने वाटी पाहिली आणि चमचा उलटा करून बघितला. "आपल्या पूर्वजांनी गुलामीत विटा रचल्या त्या गाऱ्याची ही आठवण ना? ह्या गाऱ्याने भिंत उभी राहायची नाही. फार तर अंगण सारवता येईल." मी हसले, तीही हसली. मग तिने एक चमचा घेतला आणि तिला ठसका लागला. साधा ठसका नव्हे. ओठ निळे पडले. मी पाठ चोळत राहिले, आणि ताटातली बिनखमिराची रोटी कुणी मोडलीच नाही.

डॉक्टरांनी पूर्वीच बजावलं होतं की पातळ काही द्यायचं नाही, ते श्वासनळीत जातं. पण ते दुधाबद्दल आणि पाण्याबद्दल, असं मी धरून चालले होते. सणाचा पाक कसा बाधेल?

दुसऱ्या दिवशी आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींनी पाकाची वाटी हातात घेतली. मी स्वयंपाकघरातून आले तर पाक छान दाट झालेला, आणि आई चमचा तोंडात धरून बसलेली. वाटीच्या काठाला पिवळसर भुगा दिसला. बिस्किटाचा. रोजचं दूध दाट करायला घालतात तो. घरातला मी टाकून दिला, म्हणून मावशींनी आठवणीने स्वतःच्या घरून आणला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने बोट वर केलं. घास गिळला. ठसका लागला नाही.

"मावशी, हाताला चव आहे हो तुमच्या," ती म्हणाली. आणि वाटी संपवली.

मावशी भांडी घासायला गेल्यावर मी म्हटलं, "आई, अगं त्यात खमीर होतं."

"मला चव कळते अजून. गिळता येत नाही एवढंच."

"मग थुंकायचं होतंस."

"तिच्यासमोर? तिने मायेने केलेलं? देवाला मी समजावीन, तिला कोण समजावणार? तू तिला काही बोलायचं नाहीस."

ठमे, बिस्किटाच्या एका कणासाठी हिने आपल्याला सणात शेजारच्यांच्या दारात उभं राहू दिलं नव्हतं.

मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "आणि धाकटीला यातलं काही कळवू नकोस. नोकरी टाकून धावत येईल." मी हो म्हटलं.

आता उरलेलंही लिहिते. दाट केलेलंही फार दिवस उतरणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. नाकातून नळी घालू म्हणाले, तर आईने त्यांना सांगितलं, "नळीने जेवायला मी काय टाकी आहे?" ते हसले नाहीत. बाहेर मला म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

पुढच्या वल्हांडणाला आलीस तर मी असेन. आई नसेल. म्हणून हे पत्र मिळेल त्या दिवशी निघ. रजा मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी निघ. दारात तुला बघून ती आधी माझ्यावर चिडेल. चिडू दे.

आईचा शब्द मोडणारी,
तुझी ताई