तीन अटींचं घड्याळ

६ मार्च १९६६, रविवार

पत्राच्या घडीतून सूत पडलं. पांढरं, दोन गाठी मारलेलं. मी म्हटलं कोणाच्या तरी सदऱ्याचं उसवलं असेल. वैनी म्हणाली, "अगो, ता नवऱ्याच्या मनगटाचा माप."

तर इन्सुलीकर मंडळींचं उत्तर आलं. मी पसंत. हुंडा नको, अंगठी नको, रेडिओ नको. मुलाला एक घड्याळ द्यावं, बस. तेही नवं नको, वापरलेलं चालेल. फक्त ऑटोमॅटिक हवं, आणि आकाराने लहान हवं. "मुलाचीच तशी इच्छा आहे" असं त्याच्या वडिलांनी दोनदा लिहिलंय. मुलगा, म्हणजे दत्ताराम, मुंबईला छापखान्यात. मला बघायला वडील आणि काका आले होते. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून त्याचा फोटो आला.

भाई ओसरीवर मोठ्याने पत्र वाचत होता आणि मधे थांबून माझ्याकडे बघत होता, जसं काही तो नवरा त्यानेच घडवलाय. "कायम नोकरी. व्यसन नाय. आणि मागणा काय, तर एक जुना घड्याळ. असली माणसां आता गावतत खंय?"

मी म्हटलं, घड्याळ मी निवडणार. पैसे माझे, निवड माझी. अकरा वर्षं तोंडवलीच्या शाळेत घंटेवर उठतेय-बसतेय, वेळेतलं मला जरा कळतं. भाई म्हणाला, "बरां गो बाये." इतक्या लवकर तो कधी कशाला बरं म्हणत नाही.

सूत माझ्या मनगटाला बांधून पाहिलं. जेमतेम गाठ बसली. पुरुषाचं मनगट माझ्याएवढं?

७ मार्च

बारीक मनगट, मुंबईची हवा, छापखान्यातली धूळ — क्षय तर नाही? भाईला विचारलं. हसला. "डॉक्टरचो दाखलो हाडूया काय?" म्हणाला. मी म्हटलं, आणलास तर बरंच होईल. मग हसायचा थांबला.

९ मार्च

क्षय नाही. भाईने आईची शपथ घेतली. आई जाऊन बारा वर्षं झाली, पण तिची खोटी शपथ तो घेणार नाही. बरं वाटलं. जेवले पोटभर.

१३ मार्च, रविवार

तळाशीलहून होडीने सर्जेकोट, तिथून मालवणपर्यंत पायपीट. बाजारात बाबली घड्याळजीकडे गेले. शाळेचं भिंतीवरचं घड्याळ तोच दुरुस्त करतो, म्हणून ओळख. दुकान म्हणजे काचेची एक पेटी आणि तिच्यामागे बाबली. डोळ्यात भिंग अडकवूनच बोलतो. त्यामुळे त्याचा एक डोळा आपल्याशी आणि दुसरा भलत्याशीच बोलतो असं वाटतं.

लहान आकाराची तीन काढली. एक अगदीच बायकी, ते त्यानेच बाजूला सारलं. दुसरं ऑटोमॅटिक — कोणा खलाशाने विकलेलं, काचेवर ओरखडे, तबकडी पिवळट. "हेका चावी देवची नाय, बाईनु. हात हलता तसा आपणच भरता." हलवून माझ्या कानाशी धरलं. आत काहीतरी गरगरतं. चालतंय ठीक. पण तोंडावर जसं सुतक.

आणि तिसरं स्टॉपवॉचचं. काय सांगू! कडेला दोन बटणं. वरचं दाबलं की मोठा काटा सुटतो, परत दाबलं की जागच्या जागी उभा राहतो. खालचं दाबलं की निमूट बारावर येतो. माझ्या वर्गात एक मुलगी एवढी ऐकत नाही. आगबोटीवरच्या कोणा डॉक्टरचं होतं म्हणे, नाडी मोजायला. मी माझी नाडी मोजली — ब्याण्णव. चालून आले होते म्हणून असेल. चारदा बटण दाबलं, पाचव्यांदा बाबलीने हातातून काढून घेतलं. "स्प्रिंग जायत, बाईनु."

पण हे चावीचं. रोज सकाळी चावी द्यायची. बरं, मग? चावी द्यायला काय हात झिजतात माणसाचे? ऑटोमॅटिकचं फॅड आहे मुंबईवाल्यांचं, दुसरं काही नाही. हेच घेईन. हातात घातल्यावर तोच म्हणेल, बरं केलंस.

आठवडाभर ठेव म्हणून सांगून आले.

१५ मार्च

वैनीने पत्र पुन्हा उलगडलं तर मागे ताजा कलम! पट्टा चामड्याचा नको. बकल नको. स्प्रिंगचा, ताणून हात आत घालता येईल असा हवा. 

म्हणजे आता तीन अटी झाल्या. मला पसंत करताना एकही नव्हती.

२० मार्च, रविवार

जमेल तसं लिहिते.

बाबलीला म्हटलं, स्टॉपवॉचचंच घेते, फक्त पट्टा बदलून स्प्रिंगचा घाल. तो म्हणाला, तुम्हीच तर ऑटोमॅटिक सांगितलं होतं. मी सगळं सांगितलं — ऑटोमॅटिक, लहान, बकल नको — आणि नवऱ्याच्या नखऱ्यांवर जरा हसलेही. तो हसला नाही. डोळ्यातलं भिंग काढून पेटीवर ठेवलं. इतक्या वर्षांत त्याचे दोन्ही डोळे मी आज पाहिले.

"बाईनु, रागाव नकात. नवऱ्याचो उजवो हात बरो आसा मां?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"चावी फिरवक दोन बोटां लागतत. बकल लावक बोटां लागतत. मोठा घड्याळ हातार फिरता, ता सरळ करूक परत बोटां लागतत. तेका तिन्ही नको." मग खाली बघून म्हणाला, "देवबागचो एक तांडेल आसा. दोरात बोटां गेली तेची. तेनीय असाच मागल्यान."

मी उठले. काय बोलले आठवत नाही. होडीत बसलेली आठवत नाही. घरी येऊन तडक त्याचा फोटो बाहेर काढला. कोट, टाय, तेल लावून पाडलेला भांग. डावा हात खुर्चीच्या पाठीवर. उजवा कोटाच्या खिशात, पार मनगटापर्यंत.

दोन महिने हा फोटो माझ्याजवळ आहे. नाक पाहिलं, डोळे पाहिले, कान जरा मोठे म्हणून एकटीच हसले. हात पाहिलाच नाही.

आत्ता मागचं पान वाचलं. "हात झिजतात काय" असं लिहिलंय मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ मार्च

वैनीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. म्हणजे हिलाही माहीत.

संध्याकाळी भाईला गाठलं. आधी कानावर हात, मग आवाज चढवला. "चार बोटां गेली मशिनीत. अंगठो आसा. नोकरी गेली नाय मां? तेंका मालकानी देखरेखीचा काम दिल्यानी. काय बिघाडला तुझा?"

कधी सांगणार होतास?

"लगीन झाल्यार कळला असता."

असं म्हणाला. माझा भाऊ. वर म्हणतो, "तुका आता खयचो राजपुत्र येतलो आसा?"

एकतीस वर्षांची आहे मी. कोणी आठवण करून द्यायला नको. बोटं गेली ते त्या माणसाचं नशीब, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण माझ्या ताटाला ताट लावून जेवणारी ही दोघं सगळं पोटात ठेवून मला रोज "मासो वाढू?" विचारत होती. क्षयाची शपथ घेताना भाई किती सुखाने घेत होता! त्याने खोटं सांगितलंच नव्हतं. मीच चुकीचा प्रश्न विचारला.

२२ मार्च

तेराचा पाढा चुकले. फळ्यापाशी. मुलींनी दुरुस्त केला.

२४ मार्च

लिहिलं. परस्पर. छापखान्याचा पत्ता भाईच्या वहीतून उतरवून घेतला. एकच ओळ — "आपल्या उजव्या हाताला किती बोटं आहेत, ते आपण स्वतः कळवावं." खाली नाव आणि शाळेचा पत्ता.

टपालपेटीत टाकलं. लग्नाआधी बाईमाणसाने नवऱ्या मुलाला असलं पत्र! भाईला कळलं तर घराबाहेर काढील. काढू दे.

२ एप्रिल

काही नाही.

६ एप्रिल, बुधवार

आलं.

अक्षर पाहून आधी वाटलं, पहिलीतल्या कोणा पोराने लिहिलंय. वाकडं, ओळ सोडून खाली उतरणारं. डाव्या हाताचं. मधल्या सुट्टीत शाळेमागे जाऊन वाचलं.

"अंगठा आहे. बाकी चार नाहीत. कागद कापायच्या मशिनीत गेली, त्याला सहा वर्षं झाली." पुढे — "अक्षता पडेपर्यंत बोलायचं नाही असं वडिलांनी बजावलं. मला ते सोसेना आणि तोंड उघडायचाही धीर होईना. म्हणून घड्याळाच्या अटी घातल्या. वाटलं, घ्यायला जाल तेव्हा कोणीतरी विचारील, असंच का." आणि — "याआधी एका घरी घड्याळ आणून तयार ठेवलं होतं. विचारलं कोणीच नाही. ते लग्न मी मोडलं. विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

डोकंच फिरलं. अरे, सरळ चार ओळी लिहायला काय झालं होतं? हे काय, कोडी घालायची? माझ्या वर्गात असता तर कान धरला असता.

पण पुढे असंही लिहिलंय, "चावीचं घड्याळ आहे माझ्याकडे. खोलीत आम्ही सात जण. रोज सकाळी कोणाला तरी हाक मारायची, बाबा रे, जरा चावी दे. कोणी नाही म्हणत नाही. पण मला रोजची ती हाक नकोशी झाली. शेवटी पेटीत टाकून दिलं."

रडले. घंटा झाली तरी उठवेना.

शेवटची ओळ वर्ग सुटल्यावर वाचली. "माझं वय छत्तीस, आपलं अवघं चोवीस. आपल्याला दुसरं स्थळ सहज मिळेल. नाही म्हणालात तर बोल मी माझ्यावर घेईन."

चोवीस?

परत वाचलं. अक्षर वाकडं, पण आकडा अक्षरी लिहिलाय. चोवीस.

७ एप्रिल

वैनीला वयाचं विचारलं, तिने लपवलं नाही. "तेंनी बोटां लपयल्यानी, आमी वर्सां लपयलव. फिटंफाट." आणि हसली. खरंच हसली. भाईनेच सांगितलं म्हणे, पहिल्याच बोलण्यात. मी अंगाने बारीक, म्हणून खपून गेलं.

पंधरा दिवस मी घरात पाय आपटत फिरतेय. फसवलं, फसवलं, म्हणून. आता तो राग कुठे नेऊन ठेवू? त्या माणसाने निदान घड्याळाच्या आडून तरी सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडून कोणी तेवढंही केलं नाही.

वैनी म्हणते, "गप रव. लगीन झाल्यार वर्सां कोण मोजता?"

खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय? आज दिवसभर गप्प राहून पाहिलं. शाळेत, विहिरीवर, जेवताना. जमलं. सहज जमलं. चोवीस म्हणून बोहल्यावर उभी राहू शकेन मी, पापणी न हलवता. माझ्याबद्दल मला हे ठाऊक नव्हतं. भाईचा एवढा धक्का बसला नव्हता.

१० एप्रिल, रविवार

मालवण. बाबलीने दोन्ही घड्याळं पुढ्यात ठेवली, काही विचारलं नाही. निघताना वैनी म्हणाली होती, "बटणाचा आवाडलाहा तर ताच घे. चावी रोज तू दी." तेच तर त्यांना नको आहे. उद्या बायकोलाही हाक मारायची?

ऑटोमॅटिक घेतलं. स्प्रिंगचा पट्टा बसवून सुताच्या मापाने दोन कड्या कमी करून घेतल्या. उजवी मूठ मिटून, नुसता अंगठा बाहेर ठेवून डाव्या हातात घालून पाहिलं. जातं हातात. काढताही येतं. बाबली बघत होता, मग दुसरीकडे बघू लागला.

स्टॉपवॉचकडे एकदा पाहिलं. जिवाला लागलं जरा, नाही कशाला म्हणू.

११ एप्रिल

पत्र टाकलं. "घड्याळ घेतलं, तुम्हांला हवं तसंच. माझं वय एकतीस आहे, चोवीस नाही. आता नाही म्हणायची पाळी तुमची."