हॉर्नीचं मराठी

सदाशिव पेठ, पुणे
९ जानेवारी

प्रिय अनिरुद्ध,

तुझी खुशाली रोज मेसेजवर कळते, म्हणून ती विचारत नाही. इकडे सगळं ठीक. आपल्या राधाची कॉलेजची परीक्षा संपली. समोरच्यांनी पुन्हा आपल्या दारात स्कूटर लावली, मी पुन्हा पाटी लावली. पुढचं फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

परवा खराडीच्या ऑफिसात एका इंग्रजी मालिकेचे सबटायटल्स करत होते. त्यात पन्नाशीची एक बाई नवऱ्याला म्हणते, ‘आय ॲम हॉर्नी.’ मी लिहिलं, ‘मी कामातुर आहे.’ शेजारी बसणारी संस्कृती चोवीस वर्षांची. म्हणाली, "मॅम, हे कीर्तनात चालेल."

मग तिने नीट समजावलं. इंग्रजी शब्द बोलण्यातला आहे, मैत्रिणीशी किंवा जोडीदाराशी वापरायचा, साहेबासमोर नाही. थोडा चावट आहे, पण शिवी नाही. मी तिला आपल्याकडचे शब्द सांगितले. खाज, चळ, माज. पुरुषाला म्हटलं तर थट्टा होते, बाईला म्हटलं की तिची लायकीच निघते.

"मग आपल्याकडच्या बायकांना तसं वाटलं तर त्या काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. कपाटं आवरतात."

ती हसली. मला हसू आलं नाही.

तू नागपूरला गेलास त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुला जवळ घ्यायला गेले होते. तू माझा हात हळूच बाजूला केलास आणि म्हणालास, "नमू, वय काय आपलं?" चिडून म्हणाला असतास तर भांडले तरी असते. बदली तूच मागून घेतलीस का, हे तेव्हापासून मनात आहे. विचारायचा धीर झाला नाही.

त्या बाईच्या वाक्याला शेवटी मी लिहिलं, ‘मला तू हवायस. आत्ता.’ फार सौम्य झालं म्हणून वरिष्ठांनी परत पाठवलं. लिहिताना माझे कान तापले होते, आणि म्हणे सौम्य. मी एक अक्षर बदललं नाही. तसंच गेलं.

न्हाव्याकडून आलास की तुझ्या मानेला पावडरीचा वास यायचा. भाजी निवडताना तो आठवतो, सिग्नलला थांबल्यावर आठवतो. आधी लाज वाटायची. आता नुसती आठवण येते, आणि अंगभर येते.

शुक्रवारच्या गाडीने तुझ्याकडे येतेय. तुला नको असेन, तर तसं समोर बसून सांग. मी ऐकून घेईन. पण हवी असेन, तर स्टेशनवर ये.

तुझ्यासाठी आसुसलेली,
नम्रता